बाकूची कोठडी आणि साताऱ्याची गादी

राज्य जिंकून घेणाऱ्यापुढे विजयाच्या दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. जिंकलेल्या राज्याच्या प्रमुखाचे करायचे काय? त्याला मोकळे सोडावे, तर तो जाईल तेथे त्याच्यासोबत त्या राज्याची आठवण जाते. त्याला ठार करावे, तर त्याचा हुतात्मा होतो. म्हणून इतिहासातील बहुतेक जेत्यांनी तिसरा मार्ग पत्करला. कालपर्यंतच्या शासकाला त्यांनी आरोपी केले आणि त्याच्यावर कायद्याचा शिक्का उमटवून त्याला कोठडीत टाकले. असे केले म्हणजे राज्य बळाने घेतले असे दिसत नाही. गुन्हेगाराच्या हातून ते काढून घेतले असे दिसते. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी गेल्या काही वर्षांत हेच घडले आहे, आणि साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातही हेच घडले होते.

अझरबैजानच्या सीमेत, परंतु २०२३ पर्यंत आर्मेनियन वस्तीचा असलेला नागोर्नो-काराबाख नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील आर्मेनियन त्याला आर्त्साख म्हणत. सोव्हिएत संघ मोडकळीस आला तेव्हा, सप्टेंबर १९९१ मध्ये, या प्रदेशाने स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून घोषित केले. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने, खुद्द आर्मेनियानेही, त्याला मान्यता दिली नाही. तरीही पुढील तीन दशके तेथे संसद होती, निवडणुका होत, शाळा-न्यायालये चालत. २०२० च्या चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात त्याचा मोठा भाग गेला. १२ डिसेंबर २०२२ पासून आर्मेनियाशी जोडणारा एकमेव लाचिन मार्ग रोखला गेला आणि नऊ महिने अन्न, औषध व इंधन यांची टंचाई सोसलेल्या त्या प्रदेशावर १९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानच्या सैन्याने चढाई केली. चोवीस तासांत शस्त्रे खाली ठेवली गेली. आठवडाभरात एक लाखाहून अधिक माणसे घरदार सोडून आर्मेनियात गेली. १ जानेवारी २०२४ पासून ते प्रजासत्ताक विसर्जित झाले. त्या आदेशावर स्वाक्षरी तेथील अखेरच्या राष्ट्राध्यक्षालाच करावी लागली.

या लोंढ्याबरोबर निघालेले रुबेन वार्दानियन यांना २७ सप्टेंबर २०२३ रोजी लाचिनच्या नाक्यावर अटक झाली. रशियात उद्योजक म्हणून नाव कमावलेले हे गृहस्थ नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढा अल्पकाळ आर्त्साखचे राज्यमंत्री, म्हणजे शासनाचे कार्यकारी प्रमुख, होते. पाठोपाठ आर्कादी घुकास्यान, बाको सहाक्यान आणि आरायिक हारुत्युन्यान हे तीन माजी राष्ट्राध्यक्ष, तसेच संसदेचे अध्यक्ष दावित इश्खान्यान यांनाही पकडून बाकूला नेण्यात आले. १७ जानेवारी २०२५ रोजी तेथील लष्करी न्यायालयात त्यांच्यावरील खटले उभे राहिले. परदेशी वार्ताहरांना दालनात प्रवेश नव्हता. जी बातमी बाहेर येई ती सरकारी वृत्तसंस्थेच्या चाळणीतून गाळून येई. शेकडो खंडांचे आरोपपत्र वाचण्यास पुरेसा अवधी दिला नाही, अशी वार्दानियन यांची तक्रार होती आणि त्यांनी कोठडीत उपोषणही केले. बंदिवानांना भेटणारी एकमेव त्रयस्थ संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस. तिलाही २०२५ मध्ये अझरबैजानमधील आपले कार्यालय बंद करण्यास सांगण्यात आले.

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारच्या चौकात उभा असलेला शेतकरी वा व्यापारी सहज विचारील की, या सगळ्याशी मराठी माणसाला काय कर्तव्य? सोयाबीनचा आणि तुरीचा भाव ज्याच्या दिवसाचा प्रश्न आहे, त्याने स्तेपानाकेर्तची चिंता कशासाठी वाहावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेलूबाजारच्या मातीतच आहे. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हा वऱ्हाड प्रांत कोणाचा, याचा निर्णय शंभर वर्षांत तीनदा झाला आणि तिन्ही वेळा वऱ्हाडच्या माणसाला कोणी विचारले नाही. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलाखाली हा मुलूख होता. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावच्या रणात आणि डिसेंबरमध्ये गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क सोडले आणि मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाच्या नावाने ठेवलेल्या पलटणींच्या खर्चाची थकबाकी वसूल करण्यासाठी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने तो कायमचा भाडेपट्ट्यावर घेतला गेला. गहाण टाकलेल्या शेतासारखा एक संपूर्ण प्रांत या हातातून त्या हातात गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे भोगले, त्यांना आर्त्साखची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु या विषयाला खरा अन्वयार्थ लाभतो तो साताऱ्याच्या गादीच्या इतिहासाने. छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचे नाव शालेय पुस्तकात एखाद्या ओळीपुरते येते आणि पुढल्या धड्याच्या गर्दीत हरवते. १७९३ मध्ये जन्मलेले प्रतापसिंह १८०८ मध्ये गादीवर आले. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात छत्रपती हे नावाचेच धनी होते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती लागले. शिवछत्रपतींच्या वंशजाला गादीवर बसवले म्हणजे मराठा सरदार व रयत शांत होईल, असा एल्फिन्स्टनचा हिशेब होता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य निर्माण करण्यात आले. इंग्रजांना वाटले, एक कृतज्ञ आश्रित मिळाला. प्रत्यक्षात मिळाला तो राज्यकारभार मनापासून शिकलेला आणि तहाचे प्रत्येक कलम अक्षरशः वाचणारा राजा.

प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, साताऱ्याच्या पाण्याची सोय केली, शाळा काढली, न्यायदानाला शिस्त लावली. कारभार इतका चोख होता की, लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी १८३५ मध्ये त्यांच्या गौरवार्थ एक रत्नजडित तलवार पाठविण्याचे ठरविले. तीच तलवार मुंबई सरकारने महाराजांपर्यंत पोहोचू दिली नाही. कारण तोवर एका प्रश्नावरून बेबनाव झाला होता. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट आदी जहागीरदारांवर छत्रपतींचा अधिकार किती आणि त्यांच्या जहागिरी निर्वंश झाल्यास त्या कोणाच्या, हा तो प्रश्न. महाराज तहाच्या शब्दांवर बोट ठेवून बोलत होते आणि मुंबई सरकारला नेमके तेच खुपत होते. दुबळ्याने करार वाचू नये, अशी बलवानाची अपेक्षा असते. वाचलाच तर त्याचा अर्थ विचारू नये.

१८३६ मध्ये महाराजांवर किटाळ आले. इंग्रज पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितविण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला आणि लॉडविक, ओव्हान्स व विलोबी या तिघांची गुप्त चौकशी समिती साताऱ्यात बसली. पुढे आणखी दोन आरोप जोडण्यात आले. पहिला, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधल्याचा. दुसरा, जोधपूरला आश्रयास असलेल्या नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा. स्वतःचा बचाव करण्याची ताकद उरली नव्हती त्या गोव्याच्या बळावर आणि वीस वर्षे राज्याविना फिरणाऱ्या निर्वासित राजाच्या साहाय्याने प्रतापसिंह कंपनी सरकार उलथवणार होते, असे या आरोपांचे स्वरूप होते. साक्षी गुप्तपणे घेतल्या गेल्या. महाराजांनी आरोपांच्या व पुराव्यांच्या नकला मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट असल्याचे पुढे महाराजांच्या पक्षाने लंडनमध्ये हिरिरीने मांडले. स्वतः समितीत बसलेले लॉडविक निवृत्तीनंतर महाराजांच्या बाजूने उभे राहिले, एवढे एकच उदाहरण त्या चौकशीची प्रत सांगण्यास पुरेसे आहे.

या प्रकरणातील कळीचा क्षण ऑगस्ट १८३९ मधला. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. तहाच्या अटी मोडल्याची कबुली देणाऱ्या त्या कागदावर स्वाक्षरी करायची, सरकार क्षमा करील, गादी शाबूत राहील. एका स्वाक्षरीचा प्रश्न होता. राज्य, राजवाडा, कुटुंबाची स्वस्थता हे सारे त्या स्वाक्षरीत होते. प्रतापसिंहांनी स्वाक्षरी केली नाही. जे केले नाही ते केले असे लिहून देण्यापेक्षा राज्य गेलेले बरे, ही त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १८३९ च्या आरंभी इंग्रज पलटणीने राजवाड्याला वेढा दिला आणि महाराजांना रात्रीच्या वेळी तेथून हलविण्यात आले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविले गेले. महाराजांची रवानगी काशीला झाली. या लांबच्या प्रवासात त्यांचे सेनापती बाळासाहेब वाटेतच निवर्तले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीतच, सातारा पुन्हा न पाहता, प्रतापसिंहांनी देह ठेवला. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजेही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. संस्थाने गिळण्याच्या त्याच्या धोरणाचा हा पहिला घास. झाशी आणि नागपूर त्यानंतर गेली.

ज्या अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार हा गुन्हा ठरला, त्यांची कथा तर विदर्भाची स्वतःची कथा आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढलेले अप्पासाहेब मार्च १८१८ मध्ये कैद झाले. त्यांना अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात जबलपूरच्या परिसरातून पहाऱ्यातील शिपायांच्या साहाय्याने ते निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांनी त्यांना साथ दिली. इंग्रज फौजा मागावर असताना ते उत्तरेकडे गेले आणि अखेरीस जोधपूरच्या राजा मानसिंगाकडे पोहोचले. इंग्रजांनी त्यांना हवाली करण्याची मागणी केली. मानसिंगाने शरणागताला शत्रूच्या हाती देण्यास नकार दिला. १८४० मध्ये अप्पासाहेब जोधपूरलाच वारले, पण कोणाच्या कोठडीत नव्हे. मानसिंगाचे राज्यही कंपनीच्या तहाने बांधलेले होते; तरीही शरणागताचे रक्षण हा धर्म त्याने सोडला नाही. आज अनेक देश आपल्या व्यापारी हितासाठी बंदिवानांचा विषयसुद्धा काढीत नाहीत, तेव्हा या राजाची आठवण व्हावी हे साहजिक आहे.

सातारा आणि आर्त्साख ही एकसारखी प्रकरणे नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सातारा हे तहाने मान्य झालेले राज्य होते. आर्त्साख हे मान्यता न मिळालेले, एका देशातून फुटू पाहणारे राज्य होते. भारताने स्वतःच्या सीमेबाबत फुटीरतेची मोठी किंमत मोजली आहे. काश्मीरच्या प्रश्नाची झळ सोसलेल्या देशाला ‘कोणत्याही भूभागाने वाटेल तेव्हा वेगळे व्हावे’ हे तत्त्व मान्य होऊ शकत नाही आणि होऊही नये. तसेच आर्त्साखच्या बाजूने लढणाऱ्यांचे हात सर्वथा स्वच्छ होते, असेही म्हणता येत नाही. १९९० च्या दशकारंभीच्या युद्धात आसपासच्या जिल्ह्यांतून लक्षावधी अझरबैजानी माणसे घराबाहेर काढली गेली. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली येथे नागरिकांचे जे हत्याकांड झाले, त्याचे व्रण अझरबैजानच्या समाजमनावर आजही आहेत. या सत्याकडे डोळेझाक करून केवळ एका बाजूसाठी अश्रू ढाळणे हा न्याय नव्हे, पक्षपात होईल.

परंतु म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. भूभाग कोणाचा, हा एक प्रश्न. बंदिवानाला न्याय मिळतो की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अझरबैजानच्या बाजूने दिले तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. किंबहुना खोजालीतील मृतांचे आप्तच उघड खटल्याचे पहिले हक्कदार आहेत. कोणी आदेश दिला, कोणी गोळी झाडली, कोण त्या वेळी सत्तेवर होता आणि कोण नव्हता, हे सारे जगासमोर सिद्ध झाले असते तर त्यांच्या दुःखाला न्यायाचा आधार लाभला असता. बंद दालनातील निकाल अपराध्याला अपराधी ठरवीत नाही. उलट त्याला निरपराध म्हणविण्याची सोय करून देतो. साताऱ्यात नेमके हेच झाले. प्रतापसिंहांवरील आरोपांत काही तथ्य असते तरी गुप्त चौकशीने ते कायमचे मातीमोल केले आणि इतिहासाच्या दरबारात आरोपी म्हणून उभे राहिले ते कार्नॅक आणि ओव्हान्स.

उघड न्यायालयाचे सामर्थ्य काय असते, हे भारताने दोन टोकांच्या उदाहरणांतून पाहिले आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापुरात आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन केले. जपानच्या शरणागतीनंतर ते सरकार उरले नाही आणि त्याच्या सेनेतील अधिकारी इंग्रजांच्या कैदेत पडले. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज, सहगल आणि धिल्लाँ या तिघांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. न्यायालय लष्करीच होते, जेताही परकाच होता. पण दार उघडे होते. भुलाभाई देसाई यांचा युक्तिवाद देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला, गावोगावच्या माणसाने तो वाचला आणि जनमत असे खवळले की, जन्मठेपेची शिक्षा ठोठावूनही जानेवारी १९४६ मध्ये सरकारला ती माफ करून तिघांना सोडावे लागले. साताऱ्यात इंग्रजांनी दार बंद ठेवले म्हणून गादी गिळता आली. लाल किल्ल्यात दार उघडले आणि साम्राज्याचा पाया हादरला. बाकूच्या न्यायालयाचे दार बंद का, याचे उत्तर या दोन प्रसंगांच्या अंतरात आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबवर आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात खटला चालला. त्याचा अपराध सर्व जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला होता. तरीही त्याला वकील दिला गेला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, वार्ताहर दालनात बसले, उच्च व सर्वोच्च न्यायालयांत अपील झाले आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही गेला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. एवढा खर्च आणि वेळ कशासाठी, असे तेव्हा अनेकांनी संतापाने विचारले. त्याचे उत्तर आज मिळते. त्या निकालाकडे जगातील कोणीही बोट दाखवू शकत नाही. ज्या देशाने शत्रूच्या हस्तकालाही उघड न्याय दिला, त्या देशाला इतरांकडे तो मागण्याचा नैतिक अधिकार आहे.

म्हणूनच भारताने या प्रश्नावर मौन बाळगू नये. आर्मेनियाशी भारताचे संबंध जुने आहेत. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ मध्ये मद्रासेत छापले गेले. अलीकडे पिनाक अग्निबाण प्रणालीसारखी भारतीय शस्त्रे आर्मेनियाने विकत घेतली आहेत. दुसरीकडे अझरबैजानने काश्मीरच्या प्रश्नावर सातत्याने पाकिस्तानची पाठराखण केली आणि मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळीही तो पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. त्यामुळे भारतीय मनाचा कल एका बाजूला असणे स्वाभाविक आहे. मात्र कल असणे आणि न्यायाचा आग्रह धरणे या भिन्न गोष्टी आहेत. बंदिवानांना त्रयस्थ संस्थेने भेटावे, त्यांच्या कुटुंबीयांशी संपर्क राहावा, खटल्याची कागदपत्रे जगासमोर यावीत, ही मागणी करण्यासाठी आर्त्साखला राज्य म्हणून मान्यता द्यावी लागत नाही. भारताच्या अखंडतेच्या भूमिकेला तिने तडाही जात नाही. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया व अझरबैजान यांच्या शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे झाली. पण प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात या बंदिवानांच्या सुटकेचे कलम नव्हते. मोठी राष्ट्रे वाटाघाटीला बसतात तेव्हा पहिला विसर पडतो तो कैदेतल्या माणसाचा.

या साऱ्यातून मराठी समाजाने घ्यावयाचा बोध कोणता? पहिला बोध, हमीच्या विश्वासावर विसंबून राहू नये. प्रतापसिंहांकडे कंपनीने शिक्कामोर्तब केलेला तह होता. आर्त्साखकडे २०२० च्या युद्धबंदीनंतर सुमारे दोन हजार रशियन शांतिसैनिक होते. तह लिहिणाऱ्यानेच तह मोडला. शांतिसैनिक सप्टेंबर २०२३ मध्ये पाहत राहिले आणि जून २०२४ पर्यंत निघूनही गेले. स्वतःचे सामर्थ्य आणि समाजाचे संघटन यांना पर्याय नाही, ही गोष्ट या दोन्ही कथांत सारखीच सिद्ध होते. हमी देणाऱ्याचे हित बदलले की हमी संपते.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे आणि तो एका माणसाच्या नावाने ओळखला जातो. रंगो बापूजी गुप्ते हे प्रतापसिंहांचे वकील म्हणून लंडनला गेले. इंग्रजी भाषा आणि तेथील रीतिरिवाज परके, जवळचा पैसा आटत गेलेला, अशा अवस्थेत त्यांनी तेथे जवळजवळ चौदा वर्षे काढली. निवेदने लिहिली, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत आपले प्रकरण उभे करवले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्सन यांच्यासारखे पार्लमेंटचे सभासद त्यांनी आपल्या बाजूला वळविले. मध्येच धनी काशीत वारले, राज्य खालसा झाले, तरी रंगो बापूजी थांबले नाहीत. १८५३ मध्ये ते रिक्त हस्ताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी झाली, त्यात ते अग्रभागी होते. कट फुटला. सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडा माळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

व्यवहाराच्या तराजूत तोलले तर रंगो बापूजींच्या पदरात काहीच पडले नाही. गादी मिळाली नाही, धनी सुटला नाही, मुलगा गेला. पण आज प्रतापसिंहांचे निर्दोषत्व ज्या कागदांच्या आधारे मांडता येते, त्यांतील कितीतरी कागद जगापुढे आले ते या माणसाच्या चिकाटीने. प्रबोधनकार ठाकरे यांनी या दोघांवर विस्तृत ग्रंथ लिहिला तो उगाच नव्हे. कैद्याला सोडविणे अनेकदा आप्तस्वकीयांच्या हाती नसते. त्याचे प्रकरण मिटू न देणे मात्र त्यांच्या हाती असते. आर्त्साखच्या बंदिवानांची कुटुंबे देशोदेशींच्या दारांवर जाऊन आज हेच करीत आहेत. ती कुटुंबे रंगो बापूजींचे नाव कधी ऐकणार नाहीत. पण त्यांची वाट तीच आहे.

शेलूबाजारसारख्या गावातील वाचनालयात, शाळेत, अभ्यासवर्गात यंदा प्रतापसिंह महाराजांवर एक व्याख्यान व्हावयास काय हरकत आहे? वऱ्हाड गहाण कसा पडला, हे त्याच गावच्या मुलांना नकाशा काढून सांगता येईल. वर्धा नदीची रेषा काढावी, तिच्या अलीकडे आपले गाव शोधावे, मग सातारा, काशी आणि जोधपूर या ठिकाणी खुणा कराव्यात आणि शेवटी कॅस्पियन समुद्राच्या काठी बाकूवर बोट ठेवावे. ज्या कागदावर स्वाक्षरी केल्याने राज्य वाचले असते, तो कागद एका छत्रपतीने का परत केला, हा प्रश्न त्या मुलांना विचारावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. घराघरांत असा एक प्रश्न जरी पोहोचला, तरी काशीत वारलेल्या त्या राजाचे ऋण अंशतः फिटेल. आणि बाकूच्या कोठडीची बातमी पुन्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येईल तेव्हा ती वाचल्यावाचून पान उलटले जाणार नाही.